'हे कोणाला विचारायचं?' : जात्यापासून मोबाईलपर्यंत

नवेगाव बांधच्या मेन रोडला आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन कामांचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, पोलीस भरतीचा फॉर्म, लाईटबिल अशी सगळी कामं. गर्दी असते ती सकाळी अकरा ते दोन. मागच्या पावसाळ्यात रोवणी संपल्यावर एक काकू रोज दुपारी यायच्या, बाकावर बसायच्या आणि काहीच न करता निघून जायच्या. चौथ्या दिवशी दुकान रिकामं झालं तेव्हा त्या काउंटरपाशी आल्या.

"बाबू, तुमच्या मोबाईलात सगळं सापडते म्हणते. एक पाहून दे ना."

"काय पाहू, काकू?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "माझा माणूस बोलतच नाही. दोन महिने झाले. बांधीत जात नाही, जेवत नाही, रात्रभर खाटेवर बसून राहते. बाहेरचं आहे म्हणून दोन ठिकाणी नेऊन आणलं. काही फरक नाही. हे सापडते का पाय."

मी टाईप केलं : नवरा बोलत नाही उपाय. पहिल्याच पानावर वशीकरणाचा मंत्र, तीन दिवसांत नवरा मुठीत आणणारा तोडगा आणि एका गुरुजींचा व्हॉट्सॲप नंबर. मी स्क्रीन काकूंकडे वळवली नाही. ते पान माझ्या ओळखीचं होतं. काही वर्षांपूर्वी त्याच रस्त्याने मी स्वतः जाऊन आलो होतो.

माझे अकराशे रुपये

२०२१ चा पावसाळा. भरती पुढे ढकलली जात होती, बाबा नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते, आणि चार वर्षं जिच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं तिचं लग्न दुसरीकडे ठरलं. मला झोप येईनाशी झाली. रात्री दोनला उठून मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचो. आमचा तलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, रात्री तिथे पाणी आणि अंधार यांत फरक करता येत नाही. हातात मोबाईल असायचा. मित्रांना सांगायची सोय नव्हती. 'पोरीसाठी रडते का बे' एवढंच ऐकायला मिळालं असतं. घरी बाबांच्या औषधांचं टेन्शन होतं.

मग मी मोबाईललाच विचारायला लागलो. आधी 'झोप येत नाही', मग 'तिला विसरायचं कसं', मग 'ती परत येईल का'. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बरेच जण तयार होते. एका ऑनलाईन गुरुजीने अकराशे रुपये घेतले. आठ दिवसांनी म्हणाला, पूजा अर्धवट राहिली, आणखी एकावन्नशे लागतील. पैसे नव्हते म्हणून मी वाचलो. असते तर दिले असते.

त्यानंतर कधीतरी, असंच अंगठ्याने वर सरकवत असताना, ठाण्याच्या आयपीएच संस्थेचा एक व्हिडिओ समोर आला. डॉ. आनंद नाडकर्णी मराठीत बोलत होते. कुणी सोडून गेल्यावर येणाऱ्या दुःखाबद्दल नव्हे, तर त्या दुःखावर आपण जी वाक्यं स्वतःला ऐकवत राहतो त्यांच्याबद्दल. 'ती गेली' ही घटना आणि 'म्हणजे मी कुणाच्याच लायकीचा नाही' हे माझं वाक्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला त्या रात्री कळलं. पण त्या रात्री तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी एका हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. फक्त विचारलं, "आज जेवलात का?" मी पाळीवर बसून अर्धा तास रडलो.

बरं वाटायला लागल्यावर एक कुतूहल मागे राहिलं. न दिसणाऱ्या, न ओळखणाऱ्या माणसाला मनातलं विचारायचं आणि त्याने खरं, उपयोगाचं उत्तर द्यायचं, ही पद्धत मराठीत कधीपासून आहे? मोबाईलच्या आधी लोक कुणाला विचारत होते? शोधत गेलो तर सापडलेली गोष्ट माझ्या स्वतःच्या गोष्टीपेक्षा बरीच मोठी निघाली.

आधी जातं होतं

पोस्ट, छापखाना, टेलिफोन काहीच नव्हतं तेव्हा बाईजवळ जातं होतं. पहाटे दळताना ती जे गायची त्यात सासर होतं, नवऱ्याचा मार होता, भावाची आठवण होती, मूल न होण्याचं दुःख होतं. जे घरात कुणाला सांगता येत नव्हतं ते जात्याला सांगता येत होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर जातो. आज त्यातल्या हजारो ओव्या 'परी' या संकेतस्थळावर ऐकता येतात.

पण जातं ऐकून घेतं, उत्तर देत नाही. शेजारी बसलेली दुसरी बाई फार तर आपली ओवी जोडते. त्यातून 'हे माझ्या एकटीचं नाही' एवढं कळतं, आणि तेही कमी नाही. पुढची पायरी म्हणजे जाणकाराला विचारणं. त्यासाठी मुंबईतल्या एका हट्टी माणसाची वाट पाहावी लागली.

पोस्टकार्डाला उत्तर देणारा माणूस

रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा मोठा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं. पैसा नाही, जाहिराती नाहीत, मुखपृष्ठावरून बोंबाबोंब.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या मासिकातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं. लोक लैंगिक शंका, लग्नातले पेच, हस्तमैथुनाची भीती, समलिंगी आकर्षणाबद्दलचे प्रश्न लिहून पाठवायचे. त्या काळी या गोष्टींनी माणूस वेडा होतो, क्षयाने मरतो, असं सांगणाऱ्या आणि त्यावर औषधं विकणाऱ्या जाहिराती भरपूर होत्या. कर्वे वैद्यकातलं जे उपलब्ध ज्ञान होतं ते वाचून कोरडं, सरळ उत्तर द्यायचे. त्यांची सगळी मतं आजच्या विज्ञानाला पटणार नाहीत. पण प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी पापी ठरवलं नाही, आणि उत्तराच्या बदल्यात ताईत विकला नाही.

याची किंमत होती. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि दंड बसला. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला, तोही नेमका वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे कराराच्या धामधुमीनंतरचा तो काळ. हातात कामं कमी नव्हती. तरी त्यांनी ही केस घेतली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा सोपा होता : लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, आणि वाचकाला खरी शंका असेल तर जाणकाराने तिचं उत्तर द्यायला हवं. केस हरली. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आमच्या भागात बाबासाहेबांची आठवण वेगळ्या कारणाने निघते. १९५४ मध्ये ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता, वेगळा झाला तो १९९९ मध्ये. त्या पोटनिवडणुकीच्या गोष्टी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या मी ऐकल्या आहेत. पण त्याच बाबासाहेबांनी त्याआधी वीस वर्षं, एका अनोळखी वाचकाच्या खाजगी शंकेला उत्तर मिळण्याचा हक्क कोर्टात लढवला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतही नाही.

म्हणून रात्री दोनला आपण जो प्रश्न फुकट, नाव न सांगता टाईप करतो, त्याच्या उत्तरासाठी मराठीत कुणीतरी आधी कोर्टात उभं राहिलेलं आहे. हे कळल्यावर मला माझ्या शोधाची लाज वाटेनाशी झाली.

अमेरिकेहून येणारी पत्रं

दुसरी गोष्ट कि. मो. फडके यांची. मुंबईतले मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ च्या सुमाराला एक नवी उपचारपद्धती मांडली होती. तिचं मुख्य सूत्र असं : माणसाला अस्वस्थ करते ती नुसती घटना नाही, तर त्या घटनेबद्दलचा त्याचा हट्टी समज. तो समज तपासता येतो, त्याच्याशी भांडता येतं, तो बदलता येतो. फडक्यांनी एलिसना पत्र लिहिलं, शंका विचारल्या, काही मुद्दे खोडूनही काढले. एलिसनी उत्तर दिलं. हा पत्रव्यवहार तीसहून जास्त वर्षं चालला. त्या पत्रांतून फडके ती पद्धत शिकले आणि इथे अनेकांना शिकवली.

मी त्या रात्री पाळीवर जे ऐकलं ते एलिसचंच सूत्र होतं. डॉ. नाडकर्णींच्या बोलण्यात एलिसचं नाव पुन्हा पुन्हा येतं. न्यूयॉर्कमधला एक विचार पोस्टाने मुंबईत आला, मराठीत रुजला, आणि व्हिडिओ होऊन नवेगाव बांधच्या तलावावर पोचला. या प्रवासात पन्नासहून जास्त वर्षं गेली. लांबून मिळणारा सल्ला पोकळच असतो असं म्हणणाऱ्याला मी फडक्यांची गोष्ट सांगतो. पत्राने माणूस शिकू शकतो. अट एवढीच की पलीकडचा माणूस अभ्यास केलेला हवा, आणि त्याने आपल्याला प्रश्न विचारू द्यायला हवेत.

'बोलते व्हा'

१९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या दोन विवाहित तरुण बायकांच्या मृत्यूंनी खळबळ उडाली. सुशिक्षित, खात्यापित्या घरातल्या मुली. सासरी काय चाललं होतं हे लोकांना कळलं ते त्या गेल्यावर. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'नारी समता मंच' उभा केला, 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन गावोगाव नेलं. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका थांबायच्या आणि स्वतःचं सांगायला लागायच्या. त्यातूनच एक केंद्र सुरू झालं. त्याचं नाव होतं 'बोलते व्हा'.

मला हे नाव फार आवडतं. 'समुपदेशन केंद्र' अशा पाटीखाली आमच्या काकू कधीच गेल्या नसत्या. 'बोलते व्हा' मध्ये गेल्या असत्या.

विद्या बाळ आधी 'स्त्री' मासिकाच्या संपादक होत्या. १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. या मासिकांमुळे नातं हा विषय घराच्या चार भिंतींतून छापील पानावर आला, आणि तोही सासू-सुनेच्या विनोदापुरता न राहता. पुढे त्यांना जाणवलं की बायका बोलायला लागल्या पण पुरुषांना बोलायला जागाच नाही. म्हणून पुरुषांसाठीही संवाद केंद्र सुरू झालं. २०२१ मध्ये मला त्याचा पत्ता माहीत असता तर अकराशे रुपये वाचले असते.

आमच्या शेजारच्या जिल्ह्यात

ही सगळी मुंबई-पुण्याची गोष्ट झाली असं वाटेल. तसं नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्याची हद्द ओलांडली की गडचिरोली लागतं. तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८० च्या दशकात 'सर्च' संस्था सुरू केली. त्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी डॉक्टरकडून तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत आला आणि जगभर त्याची चर्चा झाली.

हा अभ्यास शरीराचा होता. पण मला तो मौनाचा अभ्यास वाटतो. दहातल्या नऊ बायकांना त्रास आहे आणि कुणीच कुणाला विचारलेलं नाही. डॉ. राणी बंग बायकांशी त्यांच्याच शब्दांत बोलल्या. त्या गप्पांतून 'कानोसा' हे पुस्तक झालं. पुढे पोरापोरींसाठी 'तारुण्यभान' नावाची शिबिरं सुरू झाली. वयात येणं, आकर्षण, प्रेम, लग्न, सगळ्यावर उघड बोलणं. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या रात्री नाटकांत प्रेमाचे, फसवणुकीचे, दारूचे प्रसंग पाहून हजारो माणसं डोळे पुसतात. सकाळी उठून त्यातल्या एकाही गोष्टीबद्दल घरात बोलत नाहीत. त्या पार्श्वभूमीवर 'तारुण्यभान' किती धाडसाचं होतं ते कळतं.

दुसरं काम अमरावती जिल्ह्यातलं. शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाचं नाव सगळीकडे झालं होतं. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून नैराश्य ओळखणं, धीर देणं आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेणं, असं त्याचं स्वरूप होतं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चार-पाच जणांनीच कुठे मदत घेतली होती. दीड वर्षाने हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. गावं तीच, कर्ज तेच, पाऊसही तसाच बेभरवशाचा. बदललं एवढंच की विचारणारं कुणीतरी दारात आलं.

तिसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातलं. आदिवासी भाग, आमच्यासारखाच जंगलाचा. २०१३ च्या सुमाराला पुण्याच्या एका कायदा आणि मानसिक आरोग्य केंद्राने तिथे 'आत्मीयता' हा प्रयोग सुरू केला. गावातल्या कार्यकर्त्यांच्या हातात स्मार्टफोन दिले. त्यात छोट्या फिल्म होत्या : दारू, घरातली मारहाण, बेकारी, मनाचं खचणं. कार्यकर्ता कुणाच्या तरी ओसरीवर बसायचा, फिल्म दाखवायचा आणि मग विचारायचा, "तुमच्याकडे असं काही?" मोबाईल तिथे उत्तर द्यायला नव्हता, गप्पा सुरू करायला होता. मला वाटतं, मोबाईलचा याहून शहाणा उपयोग मी पाहिलेला नाही.

दवाखाना लांब आहे, नंबर जवळ आहे

आता वस्तुस्थिती. विदर्भातलं मोठं मनोरुग्णालय नागपूरला आहे, १८६४ पासून. आमच्याकडून ते दीडशेच्या आसपास किलोमीटर. गावात त्याचं नाव शिवीसारखं वापरतात. 'याला नागपूरला न्या' म्हटलं की अर्थ सगळ्यांना कळतो. देशाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला १९८२ मध्ये, जिल्हा पातळीवर तो उतरायला लागला १९९६ पासून. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

या मधल्या मोकळ्या जागेत आधी मांत्रिक होता, आता त्याच्या जोडीला इंटरनेट आलं. आणि इंटरनेटवर कर्वेही आहेत आणि ताईत विकणारेही. दोघं एकाच पानावर, एकाखाली एक. बरेचदा ताईतवाला वर.

१० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सरकारने 'टेली-मानस' सुरू केलं. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञ डॉक्टरशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी सेवेची माहिती देतात. घरचा माणूसही आजारी माणसाबद्दल विचारू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी एक गोष्ट केली : जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तो प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं, आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. पोलीस केसच्या भीतीने गप्प बसणाऱ्या घरांनी हे माहीत करून घ्यायला हवं.

हा सगळा इतिहास वाचल्यावर ऑनलाईन सल्ल्याकडे बघायची माझी नजर थोडी बदलली. जे टिकलं, ज्याने खरंच कुणाचं भलं केलं, त्यात काही गोष्टी सारख्या दिसतात. कर्वे असोत, 'बोलते व्हा' असो की पेठचा कार्यकर्ता, त्यांनी स्वतःचं नाव लपवलं नाही. विचारणाऱ्याचं मात्र लपवू दिलं. ऑनलाईन गुरुजीचं उलटं होतं. माझा फोटो, जन्मतारीख, तिचं नाव सगळं त्याने घेतलं. त्याचं आडनाव मला अजून माहीत नाही. दुसरं, त्यांनी हमी दिली नाही. 'ती परत येईल' असं हेल्पलाईनच्या ताई एकदाही म्हणाल्या नाहीत. तिसरं, त्यांनी भीती कमी केली. वाचून झाल्यावर, ऐकून झाल्यावर भीती वाढली आणि लगेच खाली पैसे भरायचा कोड आला, तर समजायचं की आपण दुकानात आलो आहोत. आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : चांगला सल्ला आपल्याला स्वतःपाशी धरून ठेवत नाही. तो आपल्याला दुसऱ्या माणसापर्यंत, डॉक्टरपर्यंत, मित्रापर्यंत, जेवणाच्या ताटापर्यंत सोडून येतो.

रात्रभर दुःखाची रील बघत राहणं हाही एक प्रकारचा जातंच आहे. दळत राहा, पीठ पडत नाही. मी त्यातून गेलोय म्हणून सांगतो.

काकू

त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मागच्या खोलीत लॅमिनेशनच्या मशीनजवळ काकूंना खुर्ची दिली आणि १४४१६ लावून फोन त्यांच्या हातात दिला. स्पीकर लावू का विचारलं तर नको म्हणाल्या. मी बाहेर येऊन उभा राहिलो. वीस-पंचवीस मिनिटं लागली. एक पोरगा झेरॉक्सला आला, त्याला मी मशीन बंद आहे म्हणून परत पाठवलं.

बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, "ती बाई म्हणते हा आजार असू शकते. औषध असते म्हणते." थोडं थांबून म्हणाल्या, "माझी काही चूक नाही म्हणे."

माझ्या लक्षात राहिलं ते हेच वाक्य. दोन महिने त्या नवऱ्याच्या मौनात स्वतःची चूक शोधत होत्या. वशीकरणाच्या पानाने त्यांना तेच सांगितलं असतं : नवरा हातातून गेला, तू काहीतरी कर.

पुढच्या आठवड्यात दोघं गोंदियाला सरकारी दवाखान्यात गेले. मी सोबत गेलो नाही, फक्त कुठल्या विभागात जायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. काका एकदम बरे झाले असं काही नाही. मध्ये त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या, पुन्हा सुरू केल्या. धान कापणीला आला तेव्हा ते बांधीवर यायला लागले. काम फार करत नव्हते, धुऱ्यावर बसून राहायचे. पण काकू म्हणाल्या, आता "भाजीत मीठ कमी आहे" एवढं तरी बोलते.

मी दुकानात काउंटरमागे एक कागद चिकटवला आहे. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेच्या खाली, पोलीस भरतीच्या जाहिरातीच्या बाजूला. त्यावर फक्त १४४१६ लिहिलं आहे आणि खाली दोन शब्द : बोलते व्हा. कुणी विचारलं हा कशाचा नंबर, तर सांगतो. बरेच जण विचारत नाहीत. मोबाईल काढतात, आकड्यांचा फोटो घेतात आणि झेरॉक्सचे पैसे देऊन निघून जातात.